न चाखता

डिसेंबरच्या तेवीस तारखेला
अख्ख्या जगाला आपापली पार्सलं आठवतात.
आमच्या गोदामातला दिवस चौदा तासांचा होतो,
फहाहीलला समुद्रावरून वारा बोचतो
आणि फोर्कलिफ्टचं ते मागे येतानाचं टीं-टीं-टीं
झोपेतही कानात.

म्हणून काहीतरी सोपं.
एक किलो बीफ, नळीच्या हाडासकट,
शेर झमानच्या दुकानातून.
छोटे तुकडे करू? त्याने विचारलं.
मोठेच ठेव म्हटलं.
मोठे तुकडे सावकाश शिजतात,
आणि मला मधल्या वेळात झोपायचं होतं.

बूटही न काढता पातेलं चढवलं.
चार कांदे, नुसते अर्धे केलेले,
लसणाचा आख्खा गड्डा,
व्हिनेगर हात सांगेल तेवढं,
आणि फिलूने नंदाखालहून धाडलेला बाटली मसाला.
बिअरच्या तपकिरी बाटलीत ठासून भरलेला,
आमच्यात तशीच रीत.
विमानतळावर कस्टमवाल्याने ती उजेडात धरली होती,
माझ्याकडे पाहिलं,
बूच काढून नाक लावलं
आणि सलग सात वेळा शिंकला.
मग डोळे पुसत नुसता हात हलवला. जा.

मीठ घालणार, तेवढ्यात फोन.
अजून एक ट्रक आलाय. ये.

परकार रात्रपाळीला.
घरात एकटा दत्ताराम गावडे, वेंगुर्ल्याचा,
ज्याने जन्मात हे तोंडात घातलं नाही.
वरच्या फळीवर त्याची दोन भांडी, त्याचा डाव.
पाच वर्षांत त्यावर कुणी चकार शब्द काढलेला नाही,
त्याने नाही, आम्ही नाही.
दारात उभा राहून मी गॅस बंद करावा की नाही
असा घुटमळत होतो.
तो घोंगडीतून उठला, म्हणाला,
"तू जा. मी आसंय."

गोदामात एकेक खोकं उचलताना
मला पातेलं दिसत होतं.
दहाला फोन केला. पाणी?
"घातलंय. गरम करून."
साडेअकराला पुन्हा केला.
आच?
"बारीक आसा. तू काम कर."
मिठाचं विचारायचं राहून गेलं.
आठवलं तेव्हा
हातात कुणाच्या तरी नातवाची सायकल होती,
पत्ता पुसट, नीट वाचायचा होता.

दोन वाजता परतलो.
जिन्यातच वास आला,
तिसऱ्या मजल्यावरचा केरळी पोरगा
दार किलकिलं करून बघत होता.
आत खिडक्यांच्या काचा वाफेने पांढऱ्या
आणि गॅसजवळ स्टुलावर दत्ताराम,
मान छातीवर, हातात माझा डाव,
त्याचा नव्हे.

झाकण काढलं. बटाटेही होते आत,
मी टाकले नव्हते.
मांस हाडावरून आपसूक निसटत होतं,
कांदे कुठे गेले ते कळत नव्हतं.
मीठ होतं.
दत्ताराम, चाखल्याशिवाय कसं रे घातलंस?
तो डोळे चोळत म्हणाला,
"आमच्याकडे नैवेद्य कोण चाखणा नाय.
सवय आसा माका."

मग त्याने वरच्या फळीवरून
स्वतःची पिवळी बटाट्याची भाजी काढली,
मी खुबूस गरम केली,
आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून
आम्ही जेवलो, समोरासमोर,
दोन पातेली, एकच खुबूसची चळत.
उद्या अहमदीच्या चर्चला मध्यरात्री जायला मिळेल का
ते त्या ट्रकवर अवलंबून.
त्या क्षणी फक्त
नळीतली मज्जा ओढून घ्यायची होती,
आणि पायातले बूट
आता तरी काढायचे होते.

सकाळी परकार आला, उभ्यानेच दोन घास खाल्ले,
म्हणाला, झकास रे,
फक्त लवंग हवी होती आणि मीठ जरा
मी त्याच्या पायावर पाय दिला.
दत्ताराम मोरीत भांडी घासत होता,
सगळी भांडी,
माझं ते पातेलंसुद्धा.